आठ चुळा

भोसरीत गुरुवारी वीज नसते,
म्हणून बुधवारची रात्र लांबते.
सव्वीस कुप्या, अंजिराचा अर्क,
पुरंदरच्या कुठल्या कुठल्या मळ्यांतला.
माझ्यासाठी फक्त नंबर.

यंत्राचा हात वळतो, थांबतो, उतरतो.
दहा मायक्रोलिटरची सिरिंज,
गोधडी शिवायच्या सुईहून बारीक तिची सुई.
धड थेंबही नाही इतकंच पिते,
अडीचशे अंशांच्या तोंडात झटक्यात ओकते,
मग चूळ भरते. एक. दोन. तीन.
पुढची कुपी.

तीन चुळा दबीर सरांनी ठरवल्यात.
"जास्त धुतलं की वेळ जातो, सॉल्व्हंट जातं,
प्लंजर अडकायला लागतो.
आणि हेमांगी, सिरिंज कितीला पडते माहितीये ना?"
माहितीये. माझ्या एका आठवड्याला.

चौदा नंबर घाण निघाला.
क्लोरपायरिफॉसचा सुळका, शेंडा पडद्याबाहेर.
आणि पंधरावर, त्याच जागी,
अकरा मिनिटं बेचाळीस सेकंदांवर,
एक टेंगूळ. लहानसं.
पण मर्यादेच्या वर. केसभर.

रिपोर्टात केसभर नसतं.
पास असतं, नाहीतर नापास,
आणि फेरतपासणी होईपर्यंत
अंजीर कुणासाठी थांबत नाही.

मी नुसतं हेक्झेन लावलं. ब्लँक.
ज्यात काहीच नाही, त्यातही तेच टेंगूळ,
थोडं बसलेलं.
पुन्हा ब्लँक. आणखी बसलेलं.
म्हणजे पंधरानं काही केलं नव्हतं.
सुईच्या तोंडात चौदाचं उष्टं होतं.

उष्टं म्हणत नाहीत इथे. कॅरीओव्हर म्हणतात.

आई नारायण पेठेत भांडी घासायची, एकवीस वर्षं.
तिचा कप खिडकीत असायचा, कान उडालेला.
त्यांच्या कपबश्यांबरोबर तोही तीच घासायची,
त्याच काथ्यानं, त्याच पावडरीनं, त्याच हातांनी,
तरी निथळून तो पुन्हा खिडकीत.
किती वेळा धुतला असता म्हणजे फळीवर गेला असता?
ब्लँक कुणी लावलाच नाही कधी.

दीड वाजता झाकण उघडलं.
धुण्याची कुपी तळाला गेलेली,
सुई वरच्या वर हवेत चूळ भरत होती,
आणि लॉगमध्ये दर वेळी लिहिलेलं: वॉश पूर्ण.
शेजारची टाकाऊ कुपी काठोकाठ.
थुंकलेल्यातच पुन्हा तोंड बुडवत होती बिचारी.

कुप्या बदलल्या. प्लंजर ओढून पाहिला,
किंचित खरखरला, पुसला.
आधी ॲसिटोन चार, मग हेक्झेन चार.
इंजेक्शनच्या आधी दोन वेगळ्या.
अर्काच्या स्वतःच्या दोन, त्या फेकायच्या.
बदलल्याची सही, वेळ, कारण.
कारणाच्या रकान्यात जागा बोटभर असते.

ब्लँक आला. सपाट.
पाटीवरून ओला बोळा फिरवावा तसा.
मग पंधरा पुन्हा लावला
आणि अकरा मिनिटं बेचाळीस सेकंद
उभ्यानं काढली.
काही नाही.
आणखी एक मिनिट थांबले. काही नाही.

सकाळी सर आले, लॉग उलटला.
"आठ?"
"आठ."
"दर कुपीमागे किती वाढले?"
"तीन मिनिटं."
त्यांनी चष्मा वर केला, चौदाचा सुळका बघितला,
मग पंधराच्या दोन्ही रेघा, एकावर एक धरून,
खिडकीच्या उजेडात.
"सोळाच्या पुढचे?"
"लावलेत. वीज जाईपर्यंत होतील तेवढे."
सही केली. बोलले काहीच नाहीत,
फक्त सिरिंजची मागणी स्वतःच्या हातानं लिहिली.
दोन.

गेटबाहेर सोपानच्या टपरीवर
त्यानं काल रात्रीच्या बादलीत ग्लास बुडवला,
एकदाच, झटकला, चहा ओतला.
माझ्या आधी कोण प्यायलं होतं कुणास ठाऊक.
मी मोजलं नाही.
गरम होता.