परत आलेल्या गोळ्या

ओडेन्सच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
उरलेल्या गोळ्या मोजणं हे माझं काम.
निळ्या ताटलीत ओतायच्या,
पट्टीनं पाच-पाच सरकवायच्या,
आकडा लिहून सही.
कुठल्या बाटलीत औषध, कुठल्या बाटलीत नुसती साखर,
मला ठाऊक नाही, डॉक्टर वेस्टरगोरनाही नाही.
कॉम्प्युटरला ठाऊक आहे,
पण तो आणखी दोन वर्षं तोंड उघडणार नाही.

एब्बा आणि आस्ता, वय एकाहत्तर,
फोबोर्गहून बसनं यायच्या,
एकीच्या पिशवीत दोघींचे चष्मे.
अशा जुळ्या मिळाल्या की डॉक्टर खुलतात:
रक्त तेच, हाडं तीच,
गोवरसुद्धा एकाच आठवड्यात निघालेला;
आता जो फरक पडेल तो औषधाचा.

फरक पडेना.
सहा महिने. बारा. अठरा.

शेवटी मीच विचारलं, सुई टोचता टोचता.
"पावाच्या सुरीनं," आस्ता म्हणाली,
जसं काही मी स्वयंपाकाचं विचारलं होतं.
रोज सकाळी दोन्ही गोळ्या मधोमध कापायच्या,
माझी अर्धी तिला, तिची अर्धी मला.
खरं औषध एकीलाच का म्हणून?
"आणि चुरा?"
"चुरा एब्बाचा. अकरा मिनिटांनी धाकटी आहे ती."

हे लगेच कळवायचं असतं.
मी दोन दिवस लावले, मग कळवलं.
डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून समजावलं,
नियम, विज्ञान, पुढच्या पिढ्यांची हाडं.
दोघींनी मान हलवली, एकदमच.

जानेवारीत एब्बा गेली.
दारातला बर्फ ओढताना, फावडं हातातच.
हाडांचा काही संबंध नव्हता.

एप्रिलच्या तीन तारखेला आस्ता एकटी आली.
टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या.
एब्बाची होती तशीच.
आस्ताची मी ताटलीत ओतली:
अर्ध्या. सगळ्या अर्ध्या.
त्र्याहत्तर.

मी काही बोलले नाही.
"सवय," ती म्हणाली. "सुरी आपली चालते."

फॉर्ममधल्या रकान्यात अपूर्णांक बसत नाही.
मी छत्तीस लिहिलं, खोडलं,
सदतीस लिहिलं, तेही खोडलं.
ताटलीच्या तळाशी पांढरा चुरा.
तो मोजायची आमच्याकडे पद्धत नाही.

सव्वाचारची बस होती.
वेळापत्रक पाहायला तिनं पिशवीतून चष्मा काढला,
लावला, परत ठेवला,
दुसरा काढला.