एप्रिलमध्ये हीटर

तिचा जन्म थंड मुलखातला.
साल एकोणसाठ, दोन माणसांपुरती,
सोड्याच्या बाटलीसारखी हिरवी.
तिला कुणी सांगितलंच नव्हतं
स्वारगेटचा सिग्नल म्हणजे काय,
आणि एप्रिलमधले दुपारचे दोन.

भालूकाकांनी ती आम्हा दोघांच्या नावे ठेवली.
यशोधन म्हणाला, विकू. मी म्हणाले, थांब.
थांबण्यात दोन वर्षं गेली.
तेवढ्यात बोअरच्या पाण्यानं
तिच्या नळ्या आतून पांढऱ्या झाल्या,
चहाच्या किटलीच्या तळासारख्या.

रेडिएटर मांडीवर घेऊन रिक्षानं गेले तांबट आळीत.
निजामपूरकरांनी तो उजेडाकडे धरला.
"ह्यातून वाराही जात नाही, पाणीही नाही.
नुसतं वजन सांभाळताय तुम्ही."
जुन्या पितळी टाक्या त्यांनी ठेवल्या,
मधली जाळी तांब्याची नवी घातली,
आणि सांध्यांना डाग दिला इतका बारीक
की नथीला द्यावा.
पैसे सांगताना मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

नाना पेठेत लतीफचाचा वाकून ऐकत राहिले इंजिन,
डॉक्टर मुलाची छाती ऐकतो तसं.
ठिणगी उशिरा पडतेय, म्हणाले,
उशिराची आग बाहेर जात नाही, आतच फिरते.
थर्मोस्टॅट काढून फेकू नका, लोक फेकतात,
मग पाणी आडवाटेनं परत इंजिनातच शिरतं.
पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून दाखवला:
अर्धा इंच. जास्त नाही, कमी नाही.
"आणि ताई, फारच चढला काटा,
तर हीटर लावा."
मला वाटलं, चेष्टा करताहेत.

शिरवळचं गिऱ्हाईक पाचला बोलावत होतं.
जुन्या कात्रज घाटात पुढे विटांचा ट्रक,
दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारा,
आणि आमच्यामध्ये हँडब्रेकएवढं अंतर, दोन वर्षांचं.
काटा एकशे नव्वद. दोनशे.
दोनशे दहा.
मी हात लांबवून ती पांढरी कळ पूर्ण ओढली.
"वेड लागलंय का तुला?" यशोधन ओरडला.
आमच्या पावलांवर भट्टीचं तोंड उघडलं.
चपलांचं रबर वास मारू लागलं.
त्याच्या कपाळावरचा घाम चष्म्यात उतरला,
माझा ब्लाउज पाठीला चिकटला,
आणि काटा,
नको नको म्हणत,
एक रेघ मागे आला.
मग आणखी एक.
तिची आग आम्ही दोघांनी वाटून घेतली होती;
एवढं समान वाटप आमच्यात पहिल्यांदाच झालं.
"ह्याचा काही अर्थबिर्थ काढू नकोस," तो म्हणाला.
मी काढत नव्हते. मी काटा बघत होते.

बोगदा संपल्यावर गाडी कडेला घेतली.
बॉनेट उघडलं. धातू टकटक करत होता,
कुणी आतून विचार करत असल्यासारखा.
यशोधननं रुमाल गुंडाळून झाकणाला हात घातला,
मी त्याचं मनगट धरलं.
"आत्ता नाही."
धरूनच ठेवलं थोडा वेळ, विसरून.

गिऱ्हाइकाचा फोन आला.
"गार होतेय," तो म्हणाला,
आणि कोण, ते न सांगता ठेवून दिला.

करवंदांच्या जाळीपाशी बसून आम्ही
कॅनमधलं कोमट पाणी आळीपाळीनं प्यायलो.
पाऊण तासानं झाकण दोन बोटांनी फिरलं.
पाणी जागच्या जागी होतं, गळ्यापर्यंत,
आणि त्यात आभाळाचा
एक वाटोळा तुकडा.