एका कुपनाला एकच

शाहूपुरीतलं लॉज. काउंटरवर बशेट्टी,
कपाळावर आडवं भस्म, समोर कुपनांचं पुडकं.
वायफाय शंभर रुपये, उद्या अकरापर्यंत.
एका कुपनाला एकच मशीन, ताई.
"घेतो की," म्हणालो मी.
पुण्यात वीस वर्षं 'घेते' म्हणत आलेय;
स्टँडवर उतरलं की जीभ परत इथली होते.

कुपनावर आठ आकडे. लॅपटॉपात घातले
आणि पाटाचं दारं मोडावं तसं
लॅपटॉपातून सगळ्यांना सोडलं.
पाच मिनिटांत खोली नंबर सात गप्प.
दादा ठेवींचे व्याजदर बघतोय,
वहिनी मालिकेचा चुकलेला भाग,
रणधीर बाथरूममध्ये, मस्कतच्या साहेबाशी इंग्रजीत.
भाचा ओरडला, "आत्या, स्लो झालंय, कोण खातंय गं?"
कोण खातंय.
हा प्रश्न आमच्यात पहिल्यांदाच
हसत विचारला गेला.

घर तिकडं मंगळवार पेठेत, वीज तोडलेली,
म्हणून आपल्याच गावात आम्ही उतारू.
उद्या अकराला दुय्यम निबंधक.
हक्कसोडपत्राचा मसुदा वकिलांनी संध्याकाळी धाडलाय:
स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता.
सहीच्या जागी पेन्सिलीची फुली.
तो वाचायलाच खरं तर
मी कुपन घेतलं होतं.

साडेबारा वाजले. झोपतो म्हणालो,
झाकण अर्धं खाली आणलं,
आणि चहूकडून एकदम:
"ए, बंद करू नको की!"
माना वर, तोंडं निळी.
इतक्या एकमतानं या माणसांनी
मला कधीच अडवलं नव्हतं,
लग्न होऊन निघालो तेव्हासुद्धा.

ठेवलं उघडं.
चार्जरची वायर पलंगाखालून ओढून घेतली.
पडद्याच्या कोपऱ्यात, जोडलेली उपकरणे: चार.
त्याच्यामागं ती फुली.

"तायडे, दुसऱ्या फोनला घालतोय,
पासवर्ड काय ठेवलायस?"
बाळाक्का, म्हणालो.
"कोण बाळाक्का?"
आईचं नाव रे. लग्नात बदलायच्या आधीचं.
दार किलकिलं झालं. थोडा वेळ नुसता नळ ठिबकला.
मग म्हणाला, "स्पेलिंग सांग."
एकेक अक्षर सांगितलं,
दोनदा.