माप

हिवरखेडच्या बाजारात पंचफुलाबाईनं हात पुढे केला.
दोन-सहाचं माप. एकोणीस वर्षं मीच भरते तिला.
अंगठा आत दुमडायचा; त्याच्या मुळाशी मांसाचा उंचवटा,
तिथं बांगडी अडते, बाई डोळे मिटते,
मी सुनेचं काहीतरी विचारते आणि ढकलते.

आज अडलीच नाही.
सुनेचं विचारायचं राहून गेलं.

"वजन त तेवढंच हाय वो," ती म्हणाली,
"मशीनवर घ्यायच्या आंधी काट्यावर उभं करते ना अकोल्याले."

मी तिचे पाय पाहिले.
जोडवी रुतलेली, वर कातडी तकतकीत.
खाली पाणी चढलं, वर मांस उतरलं;
काटा बिचारा बेरीज सांगतो.

अंगठा आणि बोटाच्या मधे खळगा,
चिंचोका बसेल एवढा.
दोन-चारचा डबा उघडला होता मी. झाकला.

"लहान माप नाही देत तुले.
सोमवारी डाक्तरले हा हात दाव. इथं, हे.
जेवण किती जाते तेही सांग, लाजू नको."

"अन् पैसे?"
"बांगडी अडली का देजो."

उठताना तिनं भुईला हात टेकला. दोनदा.
हिरव्या काचा बोटांपर्यंत घरंगळत आल्या.