बिलाच्या शेपटीला

सव्वीस नावांची यादी पाठवली विमा कंपनीनं,
डलूथपासून दोनशे मैलांच्या आतली.
पहिले डॉक्टर निवृत्त होऊन ॲरिझोनाला गेलेले.
दुसरा नंबर एका दंतवैद्याच्या फॅक्सचा,
कानात शिट्टी वाजली.
तिसरीकडची बाई म्हणाली, "आम्ही ते करत नाही,"
आणि तो 'ते' असा उच्चारला
जसा मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर नेतात.
अकरावी म्हणाली, या. मिनीआपोलिसला.
दीडशे मैल.

गेलो. बर्फ लोटायच्या गाडीवरची पाळी बदलून
सहा खेपा केल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये.
दोन तज्ज्ञांची दोन पत्रं मिळवली,
की मी जो आहे म्हणतो
तो गेली एकतीस वर्षं आहेच.

नकार आला तो जुन्या नावानं.
प्रिय अमुक,
आपण स्त्री असल्यामुळे
हे इंजेक्शन आपल्याला लागू नाही.

आईनं पत्र खिडकीशी नेऊन वाचलं.
शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं राबलेली मार्लिस हाल्व्हर्सन.
बाबांच्या फुप्फुसात खाणीची धूळ होती,
कंपनी म्हणायची, सिगरेटचा धूर.
चार वर्षं भांडली ती.
बाबा तिसऱ्या वर्षी गेले,
पैसे चौथ्या वर्षी आले.

माझं हे तिला पटलंय असं नाही.
जेवताना अजून जुनीच हाक येते,
मग तिचाच घास थांबतो.
पण कंपनीचा कागद दिसला
की तिच्या अंगात येतं.
"तारीख लिही. बोलणाऱ्याचं नाव लिही.
पाकीट फेकू नकोस, शिक्का त्याच्यावर असतो."

जूनमध्ये अपील मंजूर झालं.
कार्डावरचं एक अक्षर बदललं.
ऑक्टोबरात दुसरं पत्र. या वेळी नाव बरोबर.
प्रिय ऑरिन,
आपण पुरुष असल्यामुळे
गर्भाशयमुखाची तपासणी
आपल्याला लागू नाही.

मी हसलो, खुर्चीत मागे रेलून, डोळ्यांत पाणी येईतो.
आई हसली नाही.
तिची बहीण त्याच जागच्या गाठीनं गेली.
"लाव फोन," म्हणाली.

सत्तेचाळीस मिनिटं.
पियानोचे तेच सोळा सूर,
मधूनमधून एक गोड आवाज: तुमचा कॉल आम्हाला महत्त्वाचा आहे.
खिडकीतून दिसत होतं, लोखंडाची माती भरलेलं जहाज
पुलाशी आलं, भोंगा दिला,
आणि पुलानं ओ दिली.
पहिल्याच हाकेला.

मग माणूस आलं लाइनवर. बाई, कुठल्याशा दक्षिणी हेलाची.
"सर, कॉम्प्युटर म्हणतो,
पुरुषांना तो अवयव नसतो."
"मला आहे," मी म्हणालो.
कधी वाटलं नव्हतं
की हे वाक्य मी असं ठासून बोलेन,
तेही आईसमोर, कामाच्या बुटांत.

तिकडे टकटक थांबली.
आवाज खाली आला. "दवाखान्याला सांगा,
बिलाच्या शेपटीला दोन अक्षरं जोडा.
ती असली की मशीन विचारत नाही.
आणि हे मी सांगितलं, असं सांगू नका."

"नाव लिही तिचं," आई पुटपुटली.
पेन्सिल हातात होती.
नाही लिहिलं.

रात्री आईनं बाबांची फाइल काढली,
आतले कागद रबरबँडनं बांधून
बिस्किटांच्या डब्यात ठेवले,
पुठ्ठा उलटा दुमडला
आणि कोऱ्या बाजूवर जाड मार्करनं लिहिलं:
ऑर्रिन.
एक र जास्त पडला.
"खोडू का?"
"असू दे."

बिल पुन्हा गेलंय, शेपटीसकट.
उत्तराला तीस दिवस लागतात म्हणे.
उद्या पहाटे चारपासून बर्फ सांगितलाय,
पाच इंच.