पुन्हा एक किलो

माझा ताणकाटा किलोमागे वीस ग्रॅम खोटं बोलतो.
पण रोज तेवढंच बोलतो,
म्हणून आमचं जमतं.

एक किलो नाचणी, एक लिटर पाणी.
"आठ तास," मी हौशी आगिवलेंना म्हणाले.
त्यांच्या पडवीतलं घड्याळ
सव्वाचारला थांबून किती वर्षं झाली
ते घरात कुणालाच आठवत नव्हतं.
"आठ तास म्हंजी कवाधरनं कवावर?"

मग आम्ही दोघींनी मिळून वेळ ठरवली:
टोकावड्याहून मुरबाडची शेवटची एस्टी वळली
की भिजत घालायचं.
पहिला कोंबडा आरवला की उपसायचं.

पहिल्या साली तो कोंबडा
धाकट्या दिराच्या हळदीला कापला गेला होता.
कुणी उठलं नाही.
मी दहा वाजता पोचले तेव्हा
भांडंभर दाण्यांना पांढरी टोकं फुटलेली,
तांदळाच्या कणीएवढी.
"धीर सुटला त्यांचा," हौशीबाई म्हणाल्या,
आणि माझ्या तोंडाकडे बघून हसल्या.
ती नाचणी वाळवून, दळून
सुनेच्या सहा महिन्यांच्या पोराला चाटवली.
अहवालात मी लिहिलं: प्रयोग अयशस्वी.
पोराचे गाल कुठल्या रकान्यात लिहायचे
ते छापलेलं नव्हतं.

दुसऱ्या साली कोंबडा नवा, तुरेबाज,
जरा लवकरच ओरडणारा. चाललं.

उपसलेलं बी सावलीत पसरायचं.
उन्हात नाही. पत्र्यावर तर नाहीच.
जुन्या लुगड्यावर, एका थराचं,
मधून मधून बोटांनी फिरवत,
जसं झोपलेल्या लेकराच्या केसांतून फिरवतात,
उठू नये, पण कुणीतरी आहे हे कळावं.
दाणा आत जागा झालेला असतो.
डागडुजी काढलेली असते त्यानं,
चूल पेटवायची तयारी चाललेली असते,
आणि दाराच्या कडीला हात घालणार
तेवढ्यात आपण म्हणतो: थांब.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी
पुन्हा काट्याला लावायचं.
नऊशे ऐंशी. म्हणजे एक किलो.
जेवढं घातलं होतं तेवढंच.
काट्याला काही कळत नाही.

हौशीबाईंनी मूठ भरून कानाशी नेली,
हलवली, म्हणाल्या,
"वजन तेच हाय. पर मन तेच न्हाय."

वरकसावर राब भाजलेल्या जागी
दोन वाफे केले: एक कोऱ्या बियांचा,
एक भिजवून वाळवलेल्यांचा.
दोन्हींत शंभर शंभर दाणे मोजून,
मध्ये लुगड्याच्या काठाची निळी चिंधी.
सरी पडून गेल्या आणि मग अकरा दिवस
आभाळ नुसतं धुतल्यासारखं.
पाचव्या दिवशी ओणवी होऊन मोजलं.
इकडे एक्क्याऐंशी.
तिकडे अठ्ठावन्न,
आणि तीही मागून आल्यासारखी, विरळ.
पुन्हा मोजलं. मग हौशीबाईंनी मोजलं,
विसाविसाच्या टप्प्यांनी,
त्यांचा एक दाणा माझ्यापेक्षा जास्त भरला.
त्यांचाच आकडा मी लिहिला.

पुढे लावणी झाली, कणसांच्या मुठी वळल्या,
आणि कापणीच्या आठवडाभर आधी
रानडुकरं एका रात्रीत कोपरा लोळवून गेली.
कोणता भिजवलेला, कोणता कोरा,
त्यांनी काही पाहिलं नाही.
उरलं ते मापलं.
भिजवलेल्याचं दोन पायल्यांनी जास्त.
जास्तच म्हणायचं, डुकरं वजा जाता.

बदलीनंतर मी आता कल्याणला,
तिसऱ्या मजल्यावर.
ज्येष्ठात कधी साडेचारला जाग येते.
इथे कोंबडा नाही.
तिकडे आत्ता कुणीतरी अंधारात
चाळणीवर भांडं उपडं करत असेल,
पाणी निथळत असेल,
दाणे गार, जड, ऐन भरात.

मी कूस बदलते.
खाली कुणाचा तरी पंप सुरू होतो.