माप

तो पहिला पेला मीच ठोकला होता,
जहाजं यायची थांबली त्या वर्षी.
मासळीच्या डब्याचा पत्रा, तारेचा कान,
बरोबर अर्धा लिटर.
नोल्बेर्तानं तो उन्हात धरला, कुठे गळतो का बघितलं,
म्हणाली, "सेवेरिनो, आता भांडण मिटलं."

सेनीसात तेव्हा कुणाचंच राज्य नव्हतं.
मागे वाळवंट, खाली खारट पॅसिफिक,
मध्ये आम्ही दोनशे अकरा जीव, आणि कुत्री.
पहाटे समुद्रावरून कामांचाका चालत यायचं,
ते दाट पांढरं धुकं,
टेकडीवरच्या जाळ्यांना बिलगायचं
आणि थेंब थेंब टाकीत उतरायचं.

नोल्बेर्ता जाळ्या शिवायची. बोटांना सुईची घरं पडलेली.
पाणी वाटायला तिला आम्हीच बसवलं,
कारण ती सगळ्यांत शेवटी प्यायची.
शपथेवर सांगतो, शेवटी प्यायची,
आणि उरलं नाही तर
पेल्याच्या तळाला जीभ लावून हसायची.

मग एक कोरडा महिना.
टाकीची किल्ली तिनं गळ्यात घातली.
"पुढचं धुकं येईपर्यंत," म्हणाली.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
माझ्या जरा जास्तच वाजल्या, हात पत्र्याचे.

धुकं आलं.
आम्ही चौकात त्याच्या आत उभे होतो,
शेजारचा माणूस दिसेना इतकं.
आणि भोंग्यातून तिचा आवाज आला:
"धुकं अजून आलेलं नाही."
बेनिग्ना म्हातारीनं बाहीनं कपाळ पुसलं,
म्हणाली, घाम आहे.
माझ्या भुवईवरून एक थेंब ओठांवर ओघळला.
गोडा होता.
मी तो गिळला
आणि मान डोलावली.

ओदिलोन मास्तर तेवढा शाळेच्या भिंतीवर
कोळशानं लिहीत राहिला:
आज आलं.
आजही आलं.
मंगळवारी, खूप.
एका सकाळी भिंतीला ओला चुना होता
आणि रांगेत मास्तरची जागा
मागच्यानं न बोलता भरून काढली.

त्याच रात्री ती दुकानात आली, एकटी. पेला पुढे केला.
"तळ बोटभर वर घे. बाहेरून कळता कामा नये."
का, असं मी विचारलं.
विचारलं खरं,
पण हातोडी आधीच उचलली होती.
लेकराला काढा पाजताना आई बोलते
तशी ती बोलली:
"तहान असली की माणसं रांगेत राहतात रे."

मग दरवर्षी एक चकती.
मापात पाप म्हणतात,
ते नेमकं कुठे असतं हे मला ठाऊक आहे:
दोन तळांच्या मधल्या पोकळीत.
पेला हलवला तरी खुळखुळत नाही,
मी काम चोख करतो.

मला वाटायचं, ते पाणी ती पीत असेल,
रात्री दार लावून न्हात असेल.
सातव्या वर्षी टाकीची झडप दुरुस्त करायला गेलो.
ती काठावर बसली होती, गुडघे पोटाशी,
ओठ भेगाळलेले, रक्त सुकलेलं.
टाकी काठोकाठ. वर शेवाळाची साय.
हातात मोजपट्टी.
"बघ," म्हणाली, "एक रेघसुद्धा उतरली नाही."
मी म्हणालो, घोटभर घे.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी टाकी फोडायला आलोय.

ती तहानेनंच गेली. कुणाला खोटं वाटेल.
किल्ली काढायला मान उचलली
तर साखळी कातडीत रुतलेली.

आता मास्तरची मुलगी कासिल्दा आहे.
आम्हीच बसवली. ती शेवटी पिते.
पहिल्याच दिवशी पेला घेऊन आली,
"होता तसा कर."
मी एकेक करून सात चकत्या काढल्या.
तिनं पेला उन्हात धरला, कुठे गळतो का बघितलं,
आणि निघाली.
उंबऱ्यावर थांबली.
चकत्या मी भंगारात टाकतच होतो.

"असू देत," ती म्हणाली.
"एखादी."

मी सगळ्या पुसल्या,
तेल लावून ठेवल्या.